आरोप मागे घेतले गेले तर जामिनाचे पैसे परत मिळतात का?

प्रश्न: अनुत्तरित

माझ्या मावसभावावर गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात फौजदारी गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने ३०,००० डॉलरचा जामीन ठरवला. एवढी रक्कम घरात कुणाकडेच हाताशी नसल्यामुळे वहिनींनी एका बेल बाँड एजंटाला (पैसे घेऊन न्यायालयाला जामिनाची हमी लिहून देणाऱ्या व्यावसायिकाला) ३,००० डॉलर दिले आणि उरलेल्या रकमेची हमी म्हणून राहत्या घरावर त्याचा बोजा चढवून दिला. पुढे त्याच घटनेवरून दुसरे प्रकरण उभे राहिले आणि त्यात ५,००० डॉलरचा वेगळा जामीन मागितला गेला. ही रक्कम मात्र मी स्वतः न्यायालयाच्या खिडकीवर रोख भरली आणि पावतीही माझ्याच नावाची आहे.

भाऊ एकाही तारखेला गैरहजर राहिला नाही. आता पुरावा अपुरा असल्याचे सांगून सरकारी पक्षाने दोन्ही प्रकरणांतील आरोप मागे घेतले आहेत आणि न्यायाधीशांनी तसा आदेशही दिला आहे. एजंटाचे म्हणणे असे की त्याला दिलेले पैसे विसरून जावेत. न्यायालयाच्या कार्यालयात विचारले तर "थोडे थांबा" एवढेच उत्तर मिळते. घरातील वडीलधाऱ्यांना वाटते की गुन्हाच उरला नाही, तर पै न पै परत मिळायला हवी. दोन्ही रकमांचे आणि घरावरील बोजाचे नेमके काय होते, हे कुणी जाणकाराने सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: तळटीप

जामिनाची रक्कम आरोपीच्या हजेरीची हमी म्हणून घेतली जाते. तो दोषी आहे की निर्दोष, याच्याशी तिचा थेट संबंध नसतो. त्यामुळे आरोपी बोलावल्या वेळी हजर राहिला का आणि पैसे कुणाच्या हाती पडले, हेच परताव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. एकही तारीख न चुकवता शेवटी दोषी ठरलेल्या माणसाचा जामीनही मोकळा होतो. उलट मध्येच परागंदा झालेल्याची अनामत एकदा जप्त झाली, की पुढे आरोप मागे घेतले गेले म्हणून ती आपोआप परत येत नाही. घरच्यांना हे पटवणे अवघड जाईल, पण कायद्याची मांडणी अशीच आहे.

तुमचे ५,००० डॉलर न्यायालयाकडे अनामत म्हणून जमा आहेत आणि ते परत मिळायला हवेत. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे कलम १३८४ सांगते की प्रकरण काढून टाकले गेले की जामीनदार जबाबदारीतून मुक्त होतो आणि जामिनाऐवजी भरलेली रोख रक्कम आरोपीला, किंवा त्याच्या वतीने ज्याने ती भरली असे न्यायालयाला दिसून येते त्या व्यक्तीला, परत करावी लागते. कार्यालयातून "थोडे थांबा" असे उत्तर मिळण्याला बहुधा कलम १३०३ कारणीभूत असावे. त्यानुसार प्रकरण काढून टाकल्याच्या नोंदीपासून १५ दिवस जामीन मोकळा होत नाही, आणि त्या अवधीत त्याच कृत्यावरून आरोपीला पुन्हा अटक होऊन नवा आरोप ठेवला गेला, तर जुना जामीन नव्या प्रकरणाला लागू होतो. सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले म्हणजे ते पुन्हा कधीच ठेवता येणार नाहीत असे दर वेळी नसते. म्हणून आदेशाची प्रत मिळवून त्यात पुन्हा खटला भरण्याची मुभा शिल्लक ठेवली आहे का, हे वकिलांकडून वाचून घ्यावे.

एजंटाला दिलेल्या ३,००० डॉलरबाबत मात्र त्याचे म्हणणे बरोबर आहे. ती अनामत नसून त्याचा मोबदला होता. भाऊ पळून गेला असता तर ३०,००० डॉलर भरून देण्याची जबाबदारी बाँड लिहून देणाऱ्यांवर आली असती, आणि ती जोखीम पत्करण्याची किंमत म्हणून जामिनाच्या साधारण १० टक्के घेण्याचा तिथे प्रघात आहे. वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून विम्याचा हप्ता कुणी परत मागत नाही, तसेच हे. भाऊ कोठडीबाहेर आला तेव्हाच हा मोबदला एजंटाच्या पदरात पडला. एक अपवाद आहे: योग्य कारण नसताना एजंटानेच आरोपीला पुन्हा कोठडीत नेऊन हजर केले असेल, तर कलम १३०० नुसार न्यायालय हा मोबदला पूर्ण किंवा अंशतः परत करायला लावू शकते. तुमच्या बाबतीत तसे काही घडलेले दिसत नाही.

घरावरील बोजा मात्र एजंटाला उतरवावाच लागेल, कारण बाँड मोकळा झाला की ते तारण ठेवून घेण्याला आधार उरत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत त्याला लेखी पत्रासोबत द्यावी, त्याची पोच घ्यावी, आणि बोजा उतरवल्याचा दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष नोंदला गेल्याची खात्री करून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. पुढे घर विकायला काढल्यावर हा बोजा समोर आला, तर एजंटाला शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

उत्तर: दक्षिणवारा

कायदा असा असेलही, पण तो न्याय्य आहे असे मला म्हणवत नाही. पुरावा नसताना सरकारने गुन्हा दाखल केला, सरकारनेच तो मागे घेतला, आणि मधल्या काळात त्या बाईंच्या खिशातून गेलेल्या ३,००० डॉलरला कुणीच उत्तरदायी नाही, हे कसे? माझ्या समजुतीप्रमाणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या एका प्रकरणात, निर्दोष ठरलेल्यांचे पैसे परत करा, असे स्पष्ट सांगितले आहे. त्या निकालाचा आधार इथे घेता येणार नाही का?

उत्तर: जुनी_पाने

दक्षिणवारा यांनी उल्लेखिलेला निकाल नेल्सन विरुद्ध कोलोरॅडो हा होय. दोषसिद्धीमुळे वसूल केलेले शुल्क आणि भरपाईची रक्कम, ती दोषसिद्धी रद्द झाल्यानंतरही राज्य आपल्याकडे ठेवत होते, आणि परत हवी असेल तर स्वतःचे निर्दोषत्व भक्कम पुराव्याने सिद्ध करा, अशी अट घालत होते. ही अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. म्हणजे तिथे पैसे राज्याच्या तिजोरीत होते आणि ते दोषसिद्धीच्या जोरावरच तिथे गेले होते. प्रस्तुत प्रकरणात ३,००० डॉलर एका खासगी व्यावसायिकाने करारानुसार घेतले आहेत आणि राज्याने त्यातील एक सेंटही पाहिलेला नाही, त्यामुळे तो निकाल इथे उपयोगी पडणार नाही.

जामिनाच्या अधिक जवळचा निकाल १९७१ चा शिल्ब विरुद्ध क्यूबेल हा आहे, आणि तो वाचून तुमचा संताप वाढण्याचीच शक्यता अधिक. इलिनॉय राज्यात तेव्हा जामिनाच्या १० टक्के रक्कम एजंटाऐवजी थेट न्यायालयात भरता येत असे, आणि परत देताना न्यायालय त्या अनामतीतील दहावा हिस्सा प्रशासकीय खर्चापोटी कापून घेत असे. शिल्ब यांचा जामीन ७५० डॉलरचा होता. त्यांनी ७५ डॉलर भरले आणि त्यातले साडेसात डॉलर कापले गेले. दोनपैकी एका आरोपातून ते सुटले होते. तरीही ही कपात म्हणजे खटल्याचा खर्च नसून जामिनाची व्यवस्था चालवण्याचा खर्च आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. रक्कम किरकोळ होती, पण न्यायालयात स्वतः भरलेली अनामतही प्रत्येक राज्यात पूर्णच परत मिळते असे नाही, हे त्यावरून कळते. न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरल्यास रोख जामिनातून ३ टक्के कापले जातात, आरोपातून सुटल्यास किंवा प्रकरण काढून टाकल्यास काहीही कापले जात नाही. मला विचाराल तर हीच विभागणी समजण्याजोगी आहे.

राहिला न्यायाचा प्रश्न. तो एजंटाला विचारण्यापेक्षा कायदेमंडळाला विचारावा लागेल आणि काही राज्यांनी तो विचारलाही आहे. केंटकीने १९७६ मध्येच व्यावसायिक बेल बाँडवर बंदी घातली, तर इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांच्या जामिनाची पद्धतच संपुष्टात आणली. वहिनींना मात्र यातून काही मिळणार नाही.

उत्तर: बांधावरून

भारतातील वाचकांसाठी थोडे लिहितो, कारण इथे चित्र बरेच वेगळे आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा रोख रक्कम न भरता जातमुचलक्यावर किंवा ऐपतदार जामीनदाराच्या बंधपत्रावर सुटका होते, आणि व्यावसायिक बेल बाँड एजंटाला आपल्या कायद्यात स्थान नाही. बंधपत्राऐवजी रोख रक्कम जमा करण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. ती तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४५ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४९० मध्ये आहे. खटला मागे घेतला गेला किंवा आरोपी दोषमुक्त झाला, की मूळ पावती जोडून त्याच न्यायालयात परताव्याचा अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यास रक्कम तशीच पडून राहते. खटला पूर्ण चालून सुटका झाल्यास मात्र वरच्या न्यायालयात हजर राहण्याच्या हमीचे सहा महिन्यांचे बंधपत्र कलम ४८१ नुसार द्यावे लागते, त्यामुळे रोख रक्कम त्या बंधपत्रापोटी जमा असेल तर ती तेवढा काळ अडकू शकते.

पुन्हा प्रश्न: अनुत्तरित

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. भावाच्या वकिलांचे काही शुल्क देणे बाकी आहे आणि ५,००० डॉलरची अनामत परस्पर त्यांच्या नावे वळवण्याच्या कागदावर मी सही करावी, असे ते सुचवत आहेत. शिवाय भावाच्या नावावर वाहतूक नियमभंगाचा एक जुना दंड थकला आहे. तो माझ्या पैशांतून कापला जाईल का?

उत्तर: तळटीप

वकिलांच्या नावे अनामत वळवण्याची पद्धत तिथे सर्रास आहे आणि त्यात बेकायदा काही नाही, पण ती सर्वस्वी तुमच्या संमतीवर अवलंबून आहे. वकिलांशी करार भावाने केला असेल आणि तुम्ही त्यावर जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर त्यांचे शुल्क हे भावाचे देणे आहे. मदत करायचीच असेल तर पैसे आधी स्वतःच्या हाती घ्यावेत आणि मग द्यावेत, म्हणजे कुणी कुणाला किती दिले याची नोंद स्वच्छ राहते.

दंडाची चिंता नसावी. कलम १२९७ नुसार अनामतीतून दंड वळता करण्याची सोय आरोपीने स्वतः रक्कम भरली असेल तेव्हाची आहे, आणि तीही त्याच प्रकरणात दंडाची शिक्षा झाल्यास. पावती दुसऱ्याच्या नावाची असेल तर रक्कम त्या दुसऱ्याला द्यायची असते. पावती सादर करून मागणी केल्यापासून १० दिवसांत ती द्यावी, असेच ते कलम म्हणते. रक्कम भरल्यानंतर तुम्ही घर बदलले असेल, तर नवा पत्ता आजच लेखी कळवावा, कारण चेक बहुधा पावतीवरील पत्त्यावर टपालाने जातो आणि परत आलेला चेक दावा न केलेल्या रकमांमध्ये जमा होऊन पडतो. मूळ पावती देण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून ठेवावी.