बॉल पायथनची कात तुकड्यांत निघाली, डोळ्यावर राहिली

प्रश्न: माझा बॉल पायथन (पाळीव अजगर), वय 2 वर्षं, टाकीत आर्द्रता 40 टक्के. शेपटीच्या टोकाला आणि डाव्या डोळ्यावर कात चिकटून आहे. चिमट्याने काढू का?

उत्तर 1: चिमटा अजिबात नको! डोळ्यावरची कात ओढली तर खालचा डोळा झाकणारा नवा पारदर्शक खवलाही फाटू शकतो, डोळा जाऊ शकतो. आधी शेपटी बघा. तिथलं कडं सुकून आवळतं, रक्त पोचत नाही, टोक काळं पडून गळतं. भोकं पाडलेल्या डब्यात 28-30 अंशांच्या कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल अंथरा, साप त्यात अर्धा तास ठेवा. लक्ष असू द्या. मग ओल्या फडक्याच्या सैल मुठीतून त्याला स्वतःच पुढे सरकू द्या.

उत्तर 2: मूळ दोष त्या 40 टक्क्यांचा. एरवी 60, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे दिसले की 70. ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलेला लपायचा डबा आणि अंग घासायला खरखरीत लाकूड हवंच. निळ्या दिवसांत हाताळू नका.

उत्तर 3: डोळ्यावरची बहुधा पुढच्या कातीबरोबर निघते. तेव्हाही राहिली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डोळ्याभोवती काळे ठिपके हलताना दिसले तर गोचिडीसारखे माइट्स आहेत, वाट बघू नका.