पहिली गाडी, जुनी आणि छोटी : तुमचे अनुभव सांगा

माझ्या भाचीला पहिली गाडी घ्यायचीये. नोकरी हिंजवडीत, राहायला सहकारनगर, बजेट दीड लाखाच्या आत. घरचे म्हणतात नवीनच घे, हप्ते काय फिटतात हळूहळू. मी म्हणतोय जुनी छोटी घे. कारण मी गाडी शिकलो तीच १९९८ च्या मारुती ८०० वर, कार्ब्युरेटरवाली, थंडीत चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेली खुंटी) ओढायचा, मिनिटभर इंजिनला जोरात गुरगुरू द्यायचं आणि आवाज उतरला की चोक हळूच आत. त्या ७९६ सीसीच्या इंजिननं मला कान दिला, आजही कुठल्याही गाडीत बसलो की मी आधी आवाज ऐकतो. पण माझा अनुभव जुना झाला. ज्यांची पहिली गाडी सेकंडहँड होती त्यांनी लिहा, काय बघून घेतली, कुठं अडलात, पहिल्या वर्षी किती गेले. तिला हे सगळं वाचायला देणारे.

धायरी
मी २०२० च्या सुरुवातीला गाडी बघत होते. पहिली जी आवडली ती एकदम चकचकीत, आत अत्तराचा वास, रनिंग कमी. काका सोबत होते. त्यांनी पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, आणि जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो तिथं मातीची तांबूस रेघ, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. काका काही बोलले नाहीत, बेल्ट सोडला, मालकाला नमस्कार केला आणि आम्ही निघालो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता, तुमच्या सहकारनगर-अरण्येश्वर भागातच किती गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी धुतली की काही महिने बरी चालते, मग वायरिंगच्या जोडांना गंज धरतो आणि एकेक गोष्ट बंद पडत जाते. भाचीला सांगा, बेल्ट ओढून बघ आणि स्टेपनीखालचा खड्डा पण बघ.

वारजे
माझं जरा लांबलचक होईल पण सांगतोच. १ लाख ३५ हजारला २०११ ची हॅचबॅक घेतली, होते नव्हते ते सगळे पैसे गाडीतच घातले. तिसऱ्या महिन्यात, मे महिना, आई आणि बायकोला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, तरी काटा वरच. मग आठवलं की हीटर पूर्ण सोडला की इंजिनची गरमी आत ओढली जाते, म्हणून मे महिन्यात हीटर फुल, काचा खाली, आई पदरानं वारा घेतीये आणि मी घामानं निथळतोय, पण काटा थांबला. जागा मिळाली तिथं गाडी कडेला घेतली. मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं ओरडून थांबवलं, म्हणाला तोंड भाजेल, अर्धा तास हात लावू नका. त्याचे उपकार मी विसरणार नाही. गार झाल्यावर उघडलं तर आत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नव्हताच, चहाच्या रंगाचं गढूळ पाणी. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं, क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजल्या होत्या. पुण्यात परत आल्यावर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सगळे होजपाइप बदलले, साडेआठ हजार गेले, तेही मेव्हण्याकडून उसने. म्हणून दीड लाख बजेट असेल तर गाडी सव्वा लाखाचीच बघा, वरचे पंचवीस हजार पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवा. ती गाडी नंतर पाच वर्षं वापरली, एकदाही गरम झाली नाही.

सदाशिव पेठ
मला तर ८०० च हवी होती. लांबी सव्वातीन मीटरच्या जरा वर, आमच्या बोळात रात्री नऊला उरते तेवढ्या जागेत बरोबर बसते. सम-विषम तारखेला पार्किंगची बाजू बदलायची असते तेव्हा पण एका दमात वळते. मोठी गाडी घेतलेले शेजारी अजून रिक्षानंच फिरतात.

कात्रज
कागदांकडे नीट बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. म्हणजे २०११ ची गाडी आज स्वस्त दिसली तरी तो खर्च आणि खेटे तुमच्या वाट्याला. आरसीवर बँकेचा बोजा (गाडीवरचं कर्ज) असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार पण देऊ नका. गाडीच्या नंबरवर चलनं किती थकलीत ते आधी बघा, माझ्या गाडीवर अकरा निघाली, ट्रान्सफर अडकली, एजंट फोन उचलेना. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, त्यामुळे इन्शुरन्स जरा जास्तच धरा.

हडपसर
टायरच्या कडेला चार आकडे असतात ते वाचा. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते पण रबर कडक झालेलं असतं, पहिल्या पावसात कळतं.

भोसरी
मी २६ वर्षं गॅरेजमध्ये काम केलं. गाडी बघायला सकाळी जायचं आणि इंजिन गार असतानाच चालू करायचं. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर का केली ते विचारा. स्टार्ट करताच मागं उभं राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ थोडा वेळ येतेच, पण थांबतच नसेल तर गाडी सोडून द्या. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवा, सायीसारखं चिकट पांढरं लागलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. टायमिंग बेल्टवाली (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा असलेली) गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला विचारा आणि बिल बघितल्याशिवाय उत्तर धरू नका, बऱ्याच इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. मुलीला घेऊन जा सोबत, तिलाच झाकण काढू द्या.

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं सगळं वाचलं, सीटबेल्टचं आणि ऑइलच्या झाकणाचं वहीत लिहून घेतलंय. रविवारी सकाळी सातला बिबवेवाडीत एक २०१४ ची बघायला जातोय, मालकांना फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत चालू करू नका.