'वैद्यकीय गांजा' म्हणावं का?

धागेदोरे: आकडी येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. औषध कॅनाबिडिओलचं. ड्रॅव्हे सिंड्रोमसारख्या हट्टी अपस्मारावर अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. 'हे औषध गांजाच्या झाडापासून काढतात' असं लिहून खर्डा एका आईला वाचायला दिला. 'गांजा'वर तिचं बोट थांबलं ते पुढे सरकेचना. "ताई, पोराला याची सवय लागेल का हो?" याने नशा चढत नाही हे पुढच्याच ओळीत होतं, तिथवर ती पोचलीच नाही. दुसरा शब्द सुचवा.

जुनीवही: मुळात गांजा हे झाडाचं नाव नव्हे. झाड भांगेचं. पानं ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, त्याची राळ म्हणजे चरस. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आपण सरसकट सगळ्याला गांजा म्हणतो. 'भांगेच्या झाडापासून' लिहा.

वनराई: 'विजया' हा आयुर्वेदातला शब्द असताना बाकी कशाला?

जुनीवही: विजया हिरड्यालाही म्हणतात. औषधाच्या कागदावर दोन अर्थांचा शब्द नको.

पाऊलवाट: 'हशीश' अरबी, मूळ अर्थ साधं वाळलेलं गवत. आणि गांजावरूनच 'गांजणे' आलं असं आमचे मास्तर सांगायचे. रंजलागांजला म्हणतो ना आपण!

जुनीवही: मास्तरांबद्दल आदर आहे, पण ते संस्कृत 'गंजन'कडून, म्हणजे अवहेलना. झाडाचा संबंध नाही.

उंबरठा: सौम्य शब्द शोधताय, त्याआधी एक सांगते. माझा धाकटा भाऊ सतराव्या वर्षापासून ओढायचा. "अगं, औषधच आहे ते" हे त्याचं पालुपद. एकोणिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. पुस्तक मांडीवर उघडं आणि हा भिंतीला कान लावून बसलेला, अजून डोळ्यांसमोर आहे. कोवळं वय आणि टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण जास्त असलेला माल, यानं धोका वाढतो असं डॉक्टर म्हणाले. गांजाला 'वैद्यकीय' चिकटवलंत की पोरं तेवढंच वाचतील.

धागेदोरे: पटलं. कैफ चढतो तो टीएचसीनं, हे औषध निराळं. मग झाड बाजूला ठेवून थेट 'कॅनाबिडिओल' लिहू?

वनराई: एवढा लांबलचक परका शब्द त्या आईला कळणार आहे?

पाऊलवाट: पॅरासिटामॉल कळतंच की सगळ्यांना.

नीरक्षीर: शब्द जपून वापरायला हवेत हे खरंच. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला, म्हणजे गांजा-चरसला, सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतून काढलं, भारताचंही मत बाजूनं पडलं. पण नियंत्रण उठलेलं नाही, पहिल्या यादीत ते अजून आहेच. याला 'गांजाला मान्यता' म्हणणं चूक. तसंच माणसांचं. मनोविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी नियमावलीनं २०१३ साली 'गैरवापर' आणि 'अवलंबित्व' हे दोन शिक्के काढून 'वापराचा विकार' असं एकच निदान ठेवलं. आपण मात्र अजून गंजेडी, गांजेकस म्हणतो.

उंबरठा: भावाला शेजारी गंजेडीच म्हणायचे. तेवढ्यासाठी तो वर्षभर डॉक्टरांकडे यायला तयार नव्हता.

वनराई: मग 'व्यसनी' तरी चालेल का? मूळ अर्थ संकट, आपत्ती. त्यात दोष देणं नाही.

उंबरठा: मूळ अर्थ कोशात. बोलताना दोष देणंच असतं त्यात.

जुनीवही: एक राहिलंच. माहितीपत्रकात 'अमली' छापणार की 'अंमली'? अरबी मूळ 'अमल', अनुस्वार नको.

पाऊलवाट: अंमल चढतो तो अनुस्वारासकटच! आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

जुनीवही: म्हणतात म्हणून लिहायचं का?