शिंकानसेन: सोगो शिंजींनी संसदेला गंडवलं ते बरोबरच होतं का?

गार्डाचा डबा:
१ ऑक्टोबर १९६४ला टोकियोहून शिंकानसेनची, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनची, पहिली गाडी 'हिकारी' सुटली, तेव्हा ती ज्यांच्यामुळे उभी राहिली ते दोघेही व्यासपीठावर नव्हते. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंते शिमा हिदेओ आदल्याच वर्षी पायउतार झाले होते. शिमांनी तो सोहळा घरी बसून टीव्हीवर पाहिला. पायउतार व्हायचं कारण खर्च. संसदेला सांगितले सुमारे २०० अब्ज येन, लागले ३८० अब्ज. अंदाज चुकला म्हणावं तर तसंही नाही. खरा आकडा बाहेर पडला तर प्रकल्प जागीच गाडला जाईल हे ओळखून सोगोंनी तो मुद्दाम कमी सांगितला होता.

माझ्या मते बरं केलं. अमेरिकेकडे बघून सगळे म्हणत होते की आता विमानं आणि मोटारी, रेल्वेचे दिवस भरले. टीकाकार या मार्गाला पिरॅमिड, चीनची भिंत आणि जपानची महाकाय यामातो युद्धनौका अशा अवाढव्य पण निरुपयोगी कामांच्या पंगतीला बसवत होते. इकडे तोकाइदोची (टोकियो-ओसाका) जुनी लाइन माणसांनी आणि मालाने गच्च भरलेली. त्या लाइनीवरची १९५८ची 'कोदामा' एक्स्प्रेस टोकियोहून ओसाकाला जायला ६ तास ५० मिनिटं घ्यायची, १९६५च्या अखेरीस 'हिकारी' ३ तास १० मिनिटांत पोचायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने खुर्ची पणाला लावून हे करून घेतलं.

जागतिक बँकेचं कर्ज तर खास सोगो चाल. ८ कोटी डॉलर म्हणजे एकूण खर्चापुढे किरकोळच. पण एकदा बाहेरच्यांशी करार झाला की पुढच्या सरकारला हात झटकता येत नाहीत.

हिशेबनीस:
टाळ्या जरा थांबवा. त्याच १९६४ साली राष्ट्रीय रेल्वे पहिल्यांदा तोट्यात गेली आणि पुन्हा कधी सावरली नाही. १९८७ला तिचे तुकडे करून खासगीकरण केलं तेव्हा डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. खरा आकडा दडवायचा, काम अर्ध्यावर आणायचं आणि मग 'आता थांबवणार कसं?' विचारायचं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. बँकेला तर या मार्गावर मालगाड्याही धावतील असं सांगितलं होतं. एकही धावली नाही.

उलटी घडी:
@हिशेबनीस, भलत्यालाच आरोपी करताय. तोकाइदो शिंकानसेन, म्हणजे हाच नवा मार्ग, घरातला कमावता मुलगा होता. १९६७च्या जुलैपर्यंत त्यावरून १० कोटी प्रवासी गेले. संस्था बुडाली ती राजकारण्यांमुळे. भाडं वाढवायचं तर संसदेची मंजुरी, आणि निवडणूक तोंडावर असताना ती देतो कोण? शिवाय १९६४लाच रेल्वे बांधणीचं वेगळं महामंडळ निघालं. त्याने खेड्यापाड्यांत लाइनी टाकायच्या आणि तोटा राष्ट्रीय रेल्वेने पोसायचा! १९८२ची जोएत्सु शिंकानसेन डोंगर फोडून नेली ती माजी पंतप्रधान तानाका काकुएइंच्या मतदारसंघाला, निइगाताला, यात योगायोग किती ते तुम्हीच ठरवा.

मध्यरेल्वेग्रस्त:
म्हणजे मुंबई-अहमदाबादवर आता कोणी काही बोलायचं नाही तर!

हिशेबनीस:
बोला की, पण वेगळा धागा काढा. जागतिक बँकेचं ते कर्ज पावणेसहा टक्क्यांचं होतं, आपल्याला जपानने ०.१ टक्क्याने ५० वर्षांसाठी देऊ केलं. तुलना तिथेच लंगडते.

उएनोची पायरी:
तुम्ही सगळे 'हिकारी'तून उतरायलाच तयार नाही. त्याच काळात ईशान्येकडून, आओमोरी-इवातेकडून, शाळा संपवलेली पंधरा वर्षांची पोरं झुंडीने खास गाड्यांत बसून टोकियोतल्या उएनो स्थानकावर उतरत होती. कारखानदार आणि दुकानदार त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे. १९७५ पर्यंत हे चाललं. त्यांच्या मुलखात, तीही इवातेपर्यंतच, शिंकानसेन पोचली १९८२ला.

आणि सुरक्षेचं काय? ३ मे १९६२, टोकियोतलं मिकावाशिमा: मालगाडीने लाल सिग्नल ओलांडला, एकामागोमाग तीन गाड्या भिडल्या, १६० माणसं गेली. चालक चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या लाइनीवर नव्हती. पुढच्याच वर्षी योकोहामातल्या त्सुरुमीला आणखी एका अपघातात १६१ गेले. हे सगळं जुन्या लाइनींवर, आणि पैसा कुठे ओतला जात होता ते वर लिहिलंच आहे.

गार्डाचा डबा:
त्सुरुमी इथे आणू नका, तिथे मालडबा रुळावरून घसरला होता, सिग्नलचा संबंध नाही. बाकी अपघात खर्चामुळे झाले असं म्हणणंही सोपं करून सांगणं झालं. २१० किमी वेगात रुळाकाठचा सिग्नल वाचताच येत नाही, म्हणून नव्या गाडीत तो चालकाच्या समोर आणला आणि वेग वाढला की ब्रेक आपोआप लागायची सोय केली. हे काम करणारे कोण? दुसऱ्या महायुद्धानंतर बेकार झालेले लष्करी तंत्रज्ञ. मात्सुदाइरा तादाशी आधी नौदलाच्या विमानांची थरथर अभ्यासायचे, मग चाकांची. त्यांना रेल्वेनेच आसरा दिला. आजवर टक्कर होऊन किंवा घसरून शिंकानसेनचा एकही प्रवासी दगावलेला नाही.

उलटी घडी:
+१. फक्त याच मार्गावरच्या नागोया शहरातल्या लोकांना विचारू नका. घरांना खेटून दिवसभर गाड्या, घरं हादरायची. १९७४ला त्यांनी कोर्टात खेचलं, तडजोड व्हायला १९८६ उजाडलं.

उएनोची पायरी:
@गार्डाचा डबा, तंत्रज्ञांबद्दल वाद नाहीच. जुन्या लाइनींवर ती गाडी थांबवणारी यंत्रणा १९६६ पर्यंत सगळीकडे बसवली, म्हणजे जमत होतं. मिकावाशिमाच्या आधी ते का केलं नाही, आणि सोगोंनी संसदेपुढे खरे आकडे ठेवले असते तर कोणी हा प्रश्न विचारला असता की नाही, एवढं सांगा.