मूल कोणाचं, हा प्रश्नच नको
'मुलं ही आईबापांची जबाबदारी, त्यात देश कुठे आला?' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या वाघोलीतल्या एखाद्या बांधकामावर जाऊन बघा. आई डोक्यावरून विटा वाहतेय आणि सहा-सात वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊन सळयांच्या ढिगापाशी उभी. त्या माउलीने आणखी काय करायचं? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ६ वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती, पण ५० हून जास्त बायका कामावर असतील तरच. छोट्या साइटवरची लेकरं मग वाऱ्यावर! याच पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, परक्यांची मुलं आपली मानली. बांधकाम खर्चावर कामगार कल्याणासाठी १ टक्का उपकर घेतला जातोच. त्यातून आधी पाळणाघरं काढा, तीही ५० ची अट न घालता.