मान कलती धरणे हेही लक्षण असू शकते

मेंदूच्या गाठीची सुरुवात डोकेदुखीने होते, असे सहसा म्हटले जाते. परंतु दोन-अडीच वर्षांच्या मुलाला डोके दुखते हे सांगताच येत नाही. सांगलीतील आमच्या शेजाऱ्यांची मुलगी दुधाचा पेला तोंडाशी नेताना मान डाव्या खांद्याकडे कलती करायची आणि झोपेत मान अवघडली असेल असे समजून घरच्यांनी महिनाभर तेल चोळले. लहान मेंदूजवळ, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाजवळ गाठ वाढत असली की मान अशी एका बाजूला धरली जाऊ शकते. तिथे मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला, तर डोक्यातील दाब वाढतो, रात्रभर आडवे झोपल्याने तो पहाटे अधिकच असतो आणि मूल उठताच उलटी करून पुन्हा खेळू लागते, म्हणून सगळे त्याला पित्त म्हणतात. टाळू न भरलेल्या तान्ह्या बाळात कधी कधी आधी डोक्याचा घेरच झपाट्याने वाढतो. लसीकरणाच्या वेळी तो मोजून कार्डावर जरूर लिहून घ्यावा. अशा बहुतेक मुलांना गाठ नसते, हे खरेच. तरीही सकाळच्या उलट्या दोन आठवडे टिकल्या, तर बालरोगतज्ज्ञांना एमआरआयविषयी स्पष्ट विचारावे. चालताना तोल जाऊ लागला असेल, तर तेवढेही थांबू नये.