बोटांना चूक आधी कळते का? तुमचे अनुभव लिहा

बेळगावच्या टिळकवाडीहून सुरुवात मीच करते. २२ वर्षं डीटीपी करतेय, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, देवळांच्या पावत्या, काय येईल ते. नजर कायम बाजूच्या हस्तलिखितावर, स्क्रीनकडे नाहीच, तरीपण चुकीची की दाबली गेली की पुढचं अक्षर पडायच्या आत हात अडखळतो आणि वर बघितलं तर खरंच चुकलेलं असतं. डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, मग कळलं कुणाला?

यावर अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात लोगन आणि क्रम्प या दोघांनी प्रयोग केलेत, २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेत. सराईत टायपिस्टांना टाईप करायला बसवलं आणि कॉम्प्युटरनं गुपचूप त्यांच्या काही चुका स्क्रीनवर दुरुस्त करून दाखवल्या, काही बरोबर शब्दांत उलट चूक घुसडली. विचारल्यावर ते स्क्रीनवर दिसलं त्याच्यावरच विश्वास ठेवायचे, न केलेली चूकपण स्वतःच्या अंगावर घ्यायचे. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली तिथंच ती मंदावली, घुसडलेल्या चुकीनंतर नाही. म्हणजे शब्दावर लक्ष ठेवणारं वेगळं आणि बोटांवर लक्ष ठेवणारं वेगळं. हे वाचल्यापासून मला माझ्या हातांकडे बघायची नजरच बदललीय. तुमचं काय होतं ते लिहा.

शहापूर
ताई, मी टाईपरायटरवर शिकलेली, कॉम्प्युटर यायच्या आधीची. क्लासमधल्या बाई हातावर पुठ्ठा धरायच्या, खाली बघायचं नाही म्हणून. मशीनवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, आणि कार्बन घालून तीन प्रती काढताना चूक झाली की तिन्ही खोडायच्या. मला एक आठवतंय, चुकलेलं अक्षर कागदावर फिकट उमटायचं. म्हणजे बोट खाली जातानाच कुणीतरी मागं ओढल्यासारखं व्हायचं, पण तोवर उशीर झालेला असायचा. आवाजपण वेगळा यायचा, टक्‌ ऐवजी नुसतं ठप. आज ३५ वर्षांनी कुणीतरी हे खरं आहे म्हणतंय, बरं वाटलं बघा.

निपाणी
माझी वेगळीच पंचाईत. ऑफिसात कन्नड नुडीवर (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर), घरी मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डाची मांडणी). नुडीत प म्हणजे पी आणि त म्हणजे टी, सरळ. इनस्क्रिप्टमध्ये पी दाबला की ज येतो, टी दाबला की ऊकार. सोमवार ते शनिवार कन्नड करून रविवारी मराठी लिहायला बसलो की पहिली दहा मिनिटं 'पत्र' लिहायला जातो आणि 'जू' उमटतंय. पण हात अजिबात थांबत नाही हो! स्क्रीन बघितल्यावरच कळतं. कारण बोटांच्या हिशेबानं ती बरोबरच चाललेली असतात, मीच कीबोर्ड बदललेला असतो. दहा मिनिटांनी कधीतरी आपोआप जुळतं आणि मग पुन्हा चुकलं की अडखळायला लागतात. हे कधी जुळतं तो क्षण मला आजवर पकडता आलेला नाही.

खानापूर
मोबाईलवर आपोआप दुरुस्ती होते ना, तो तर रोजचाच प्रयोग की. शब्द बरोबर दिसला की वाटतं आपणच बरोबर टाईप केलो.

चिकोडी
कागदावर कोरा कीबोर्ड काढून घ कुठल्या कीवर आहे दाखव म्हणाला भाचा, मला सांगता येईना. मग टेबलावर बोटं ठेवून 'घर' हवेत टाईप केलं तेव्हा सापडलं. अशी चाचणी अमेरिकेतपण झालीय, इंग्रजी टायपिस्टना कोऱ्या कीबोर्डवर २६ पैकी सरासरी १५च अक्षरं नीट दाखवता आली.

बेळगाव, वडगाव
निपाणीच्या दादांचं पटलं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचं नाव बेळगावी झालं. लहानपणापासून हाताला 'बेळगाव' बसलेलं, मनात 'बेळगावी' ठरवून सुरुवात केली तरी हात व वर थांबून स्पेस मारतो, आणि अडखळत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं शब्द पुरा झाला. एका ठिकाणचा अर्ज एवढ्यावरून परत आला, आईच्या पेन्शनचा होता, तिला दोन महिने थांबावं लागलं. आता पत्ता लिहिताना मी ई आधी टाईप करते, मग मागं येऊन बाकीचं.